पोटातले ओठांवर यावे म्हणून

आपल्या भाषेत पोटाला मोठा मान आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो, दूरच्या माणसाची आठवण झाली की पोटात कालवते, धाकट्याची चूक आपण पोटात घालतो आणि कळकळीने बोलणाऱ्याच्या शब्दांत पोटतिडीक असते. मन आणि पोट यांचे हे नाते आपल्या आयाबायांना वैद्यकशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते. घरापासून दूर, मोठ्या दालनात इतर मुलांच्या रांगेत झोपणारे दहा वर्षांचे मूल जेव्हा ‘सर, पोटात दुखतंय’ एवढेच सांगते, तेव्हा त्या तीन शब्दांत काय काय सामावलेले असू शकते, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे आम्हांला वाटले.

आम्ही म्हणजे १९९० च्या आसपास या शाळेच्या वसतिगृहात राहून गेलेले काही माजी विद्यार्थी. आमच्यातील दोघे शिक्षक आहेत, एक मैत्रीण ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, एकजण शेती सांभाळून गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचे काम पाहतो. आता आमचीही मुले वसतिगृहांत राहून शिकतात, आणि रात्री फोनवर तेच जुने वाक्य आमच्या कानी येते. हा लेख डॉक्टरांची जागा घेण्यासाठी लिहिलेला नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि जाताना काय सांगावे, हे समाजबांधवांना आणि पालकांना कळावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

आमच्या काळी वसतिगृहात मुख्यतः दोनच आजार ओळखले जात, ताप आणि पोटदुखी. ताप हाताला लागे. अधीक्षक सर कपाळावर पालथा हात ठेवत आणि निकाल होई. पोटदुखीला मात्र दुखणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. त्यामुळे गणिताच्या चाचणीच्या दिवशी कुणी पोट धरून बसले की ‘नाटक करतोय’ हे शब्द कुठूनतरी येतच. पोटदुखीची अर्धी हानी या एका शब्दाने होते, असे आमचे इतक्या वर्षांनंतरचे मत आहे. मूल खोटे बोलते की खरे, हा प्रश्नच आपण बाजूला ठेवावा. दुखणे खरे आहे असे धरूनच चालावे आणि विचारावे ते एवढेच: कुठे दुखते, केव्हापासून दुखते, कसे दुखते आणि त्यासोबत आणखी काय होते.

पुन्हा पुन्हा उद्भवणारी पोटदुखी ही काही आपल्याच मुलांची तक्रार नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली आणि त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत किमान तीनदा आणि रोजच्या व्यवहारात व्यत्यय येण्याइतके पोट दुखणे, ही त्यांनी ठरवलेली कसोटी होती. तिला उतरणारी मुले दर दहांत सुमारे एक इतकी निघाली. अशा बहुसंख्य मुलांत कोणताही गंभीर शारीरिक आजार सापडत नाही, हे पुढील काळातही वारंवार दिसून आले. ॲपलींचे आणखी एक निरीक्षण आजही उपयोगी पडते. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शारीरिक कारणाचा शोध अधिक काळजीने घ्यावा. मुलाला ‘एका बोटाने दाखव’ म्हणावे. ज्याचा सबंध तळवा बेंबीभोवती फिरतो त्याची गोष्ट बहुधा वेगळी असते, आणि ज्याचे बोट एकाच बाजूला नेमके टेकते त्याची वेगळी.

आजार सापडत नाही म्हणजे दुखत नाही असे मात्र नव्हे. आतड्यांच्या भिंतींत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि त्याचे मेंदूशी अहोरात्र देणेघेणे चालू असते. काही मुलांत हे जाळे अधिक हळवे असते. इतरांना जाणवतही नाही अशी वायूची किंवा आतड्यांची हालचाल त्यांना कळ म्हणून जाणवते. चिंता, अपुरी झोप, नुकताच होऊन गेलेला जुलाबाचा आजार यांनी ती वाढते. डॉक्टर हिला कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. सोनोग्राफीत ती दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली की मूल खोटे ठरते असे कुणी समजू नये.

आमच्या वर्गातील एका मित्राचे पोट रविवारी संध्याकाळी दुखे. दुपारी त्याचे वडील भेटीला येत, सोबत चिवड्याचा डबा आणत, आणि पाचच्या एसटीने परत जात. गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत हा फाटकाशी उभा असे. मग रात्री जेवणाच्या पंगतीत बेंबीभोवती हात फिरवीत बसे. स्वयंपाकघरातील मावशींनी त्याला कधी औषध दिले नाही आणि कधी दटावलेही नाही. ‘दुखतंय ना, बस इथं’ म्हणत आणि तांदूळ निवडायला सुपात घालून देत. तो निवडत निवडत गावच्या गोष्टी सांगे. तासाभराने ऊन वरणभात जेवून झोपायला जाई. आज बालरोगतज्ज्ञ जे सांगतात त्याचे सार मावशींच्या त्या वागण्यात होते: दुखणे मान्य करावे, त्याचा बाऊ करू नये, मुलाला हळूहळू नेहमीच्या दिनक्रमात आणावे आणि त्याचे ऐकावे. प्रत्येक वेळी घरी पाठवल्याने अशी पोटदुखी घट्ट होत जाते. दुर्लक्ष केल्यानेही होते.

वसतिगृहातील पोटदुखीची काही कारणे अगदी साधी आणि आपल्या हातातली असतात. पहाटेची घंटा, वंदना, मग शौचालयापुढची लांब रांग आणि मागून येणाऱ्यांची घाई. अशा वेळी अनेक मुले शौचाची भावना दाबून धरतात. मुलींचे तर विचारूच नये. दाराला कडी नाही, पाणी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पीत. दाबून ठेवलेला मळ कठीण होतो, शौचाला त्रास होतो, त्या भीतीने मूल आणखी दाबून धरते आणि हे चक्र चालू राहते. लघवी रोखून धरल्याने जळजळ आणि ओटीपोटात दुखणे सुरू होते, त्याला तपासणी आणि औषध लागते. पोटदुखीवर उपाय शोधणाऱ्या संस्थाचालकांनी प्रथम शौचालयांची संख्या, पाणी आणि कड्या पाहाव्यात. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. त्यामुळे न्याहारीनंतर दहा मिनिटे निवांत मिळाली तरी पुष्कळ मुलांचा त्रास कमी होतो. ताटात पालेभाजी, डाळी आणि फळ असावे, आणि वर्गात पाण्याची बाटली नेण्यास मुभा असावी. जंतांसाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारीला आणि अनेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये अल्बेंडाझोलची गोळी शाळेतच दिली जाते. ती चुकवू नये.

आता आपल्या भागाच्या आणि आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याच्या एका आजाराविषयी. आमच्याहून एक वर्ष मागे असलेला एक मुलगा थंडी पडली की किंवा क्रीडा महोत्सवाच्या सरावात पोट आणि पाय धरून पडून राही. डोळे पिवळसर, अंगकाठी वयाच्या मानाने लहान. त्याला ‘कामचुकार’ असे नाव पडले होते. एका नव्या शिक्षकांनी ते नाव मान्य केले नाही आणि त्याच्या आईवडिलांना बोलावून त्याला नागपुरास तपासणीसाठी धाडले. त्याला सिकलसेल होता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात तीव्र कळा येतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही त्यांची निमित्ते. विदर्भात आदिवासी समाजांबरोबरच आपल्या बौद्ध समाजातही हा आजार पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले आणि ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. वारंवार पोट किंवा हातपाय दुखणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची ही तपासणी एकदा झालीच पाहिजे. लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी हा अहवाल पाहण्याची रीत आपल्या समाजाने पाडावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. तो मुलगा पुढे नियमित औषधोपचाराने शिकला, आणि त्या शिक्षकांचे नाव आजही आदराने घेतो.

काही दुखणी मात्र वाट पाहू देत नाहीत. आम्ही नववीत असताना एका मित्राचे पोट संध्याकाळच्या अभ्यासाला बेंबीपाशी दुखू लागले. जेवण गेले नाही, एकदा उलटी झाली. मध्यरात्रीपर्यंत दुखणे उजवीकडे खाली सरकले आणि तो वाकून चालू लागला. एकाने एरंडेल द्यावे असे सुचवले. अधीक्षक सरांनी ते थांबवले, काही खाऊ-पिऊ घातले नाही, आणि दुधाची गाडी अडवून त्याला तालुक्याला नेले. अपेंडिक्स सुजले होते. सकाळी शस्त्रक्रिया झाली. आज तो एसटीत वाहक आहे. सुजलेले अपेंडिक्स बहुधा याच वाटेने जाते: आधी बेंबीपाशी, मग काही तासांत उजव्या ओटीपोटात. अशा वेळी जुलाबाचे औषध देणे आणि पोट चोळणे धोक्याचे ठरते.

तेव्हा पुढील लक्षणे दिसताच रात्र असो वा दिवस, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. दुखणे सतत वाढत जाणे किंवा एका बाजूला स्थिर होणे, पोट फळीसारखे ताठ होणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, मूल निपचित पडणे, पोटाला मार लागल्यानंतरचे दुखणे. खूप तहान, वारंवार लघवी, खोल श्वास आणि पोटदुखी एकत्र आली तर तो मधुमेहाचा पहिला झटका असू शकतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखी आणि उलटीने जागे झाले, त्याच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईनासे झाले, तर मण्याराचा दंश मनात आणावा. त्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. अशा मुलाला सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयातच न्यावे.

दुसऱ्या काही खुणा घाईच्या नसतात, परंतु दुर्लक्षाच्याही नसतात. दुखण्याने मूल झोपेतून जागे होणे, वजन घटणे, उंची न वाढणे, बारीक ताप रेंगाळणे, जुलाब आठवडेच्या आठवडे चालणे, डोळे पिवळे होणे, भूक मरणे. क्षयरोग आतड्यांतही होतो आणि अशाच पावलांनी येतो. यांतील एकही खूण दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

संकोचापोटी लपणारी पोटदुखी आम्हांला अधिक भीतीदायक वाटते. मुलगा ओटीपोटात दुखते म्हणतो आणि वृषण दुखते हे लाजेने सांगत नाही. वृषणाला पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर ते गमवावे लागते. मुलींच्या पाळीतील दुखणे ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून झटकले जाते. शाळा बुडावी इतके ते असेल तर तपासणी हवीच. आणि कधी पोट दुखते ते कुणाच्या तरी भीतीने. मोठी मुले मारतात, अन्न हिसकावतात, एखादा माणूस नकोसा स्पर्श करतो. म्हणून मुलाला एकट्याला बसवून, शांतपणे विचारावे आणि १०९८ ही बालसाहाय्य सेवा प्रत्येक भिंतीवर लिहिलेली असावी.

घरगुती उपायांविषयी आमच्या मनात तिटकारा नाही. ओवा, कोमट पाणी, आईचा हात यांनी साध्या दुखण्याला उतार पडतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट रगडणे आणि मेळघाटासारख्या भागात बाळाच्या पोटाला डागण्या देणे हे मात्र थांबलेच पाहिजे. डागणारी आईही मायेनेच डागते. दवाखाना लांब आणि भगत जवळ असतो. तिला दोष देण्यापेक्षा दवाखाना तिच्या जवळ आणावा.

या साऱ्या विचारात आम्हांला विनयपिटकातील महावग्गातली एक घटना वारंवार आठवते. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला जे समजावले त्याचा आशय असा की, येथे तुमची काळजी घ्यायला तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहील? वसतिगृह चालवणाऱ्या माणसाला याहून थेट शिकवण दुसरी कोणती असणार! त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे येतात. पथ्य-अपथ्य जाणणारा, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा, मळ आणि उलटी यांची किळस न बाळगणारा. आणि चांगल्या रुग्णाचे एक लक्षण असे की तो दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे, हे जसे आहे तसे सांगतो. मूल असे सांगू शकेल ते त्याच्यावर विश्वास ठेवणारे कान समोर असतील तरच.

यासाठी एक साधी वही पुरते. तारीख आणि वेळ, दुखण्याची जागा, ते किती वेळ टिकले, आदल्या वेळचे जेवण, शौच, झोप, उलटी किंवा ताप, आणि त्या दिवशी काय घडले: परीक्षा, भांडण, घरचा फोन. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या की रविवार संध्याकाळचे दुखणे आणि थंडीतले दुखणे वेगवेगळे दिसू लागते. दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची लिहावी. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर पुष्कळ अनावश्यक तपासण्या टळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, तेव्हा तिच्यातील नावे प्रथम दाखवावीत.

आमच्या वयाच्या माजी विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. मुलांचे पोट आपण पाहू, आपले कोण पाहणार? वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या आपल्याच मनाने घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पोटातील अनेक व्रणांमागे एक जिवाणू असतो आणि तो ठरावीक औषधांनी बरा होतो, हे शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्रास रेटत बसू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, घटणारे वजन, गिळताना अडणारा घास, काळा मळ यांना तपासणी हवी. घाम आणि दम लागून वरच्या पोटात दाटून आले तर ते हृदयाचेही असू शकते. तेव्हा सोडा पिऊन वाट पाहू नये.

आमच्या तुकडीने या वर्षी वसतिगृहाच्या आजारी कक्षासाठी एक वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, तापमापक आणि प्रत्येक मुलामागे एक वही देण्याचे ठरवले आहे. मुलींच्या शौचालयांच्या दारांना नव्या कड्या बसवण्याचा खर्चही आम्हीच उचलणार आहोत. इतर तुकड्यांनी पाण्याच्या टाकीचे आणि सिकलसेल तपासणी शिबिराचे मनावर घ्यावे, अशी विनंती आहे. पालकांनी आपल्या पाल्याच्या वहीत घरच्या जुन्या आजारांची नोंद प्रवेशाच्याच दिवशी करून द्यावी. पहिले पान आम्ही त्यासाठीच कोरे ठेवले आहे.